कुणाचा फोरहँड भारी? चेंडू नको, समोरच्याचे पाय बघा

८ जून २०२५ ची रात्र. मृग नुकताच लागला होता, बाहेर पावसानं जोर धरला होता आणि बेळगावात शहापूरला आमच्या घरी टीव्हीपुढं सात-आठ जण दाटीवाटीनं बसलो होतो. फ्रेंच ओपनची फायनल आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू झाली, ती मध्यरात्र झाली तरी संपेना. कार्लोस अल्काराझ विरुद्ध यानिक सिनर. चौथ्या सेटमध्ये सिनर ५-३ असा पुढं, अल्काराझच्या सर्व्हिसवर ०-४०, म्हणजे विजेतेपदासाठी सिनरला तीन संधी. अल्काराझनं तिन्ही वाचवल्या आणि पाच तास एकोणतीस मिनिटांनी सामना जिंकला. त्या स्पर्धेच्या इतिहासातली ती सगळ्यात लांबलेली फायनल.

मधेच शेजारच्या काकांनी विचारलं. काकांचं सगळं आयुष्य कापड विणायच्या मागावर गेलं, टेनिस ते माझ्या नादानं बघायला लागले. म्हणाले, "अरे, एक सांग बघू. दोघंबी तेवढ्याच जोरानं मारायलेत. चेंडू दोघांचाबी आतच पडायलाय. मग ह्यातला कुणाचा हात भारी, ते कळायचं कसं रे?"

मी सकाळी बेळगावच्या कॅम्प भागात मुलांना टेनिस शिकवतो, त्यामुळं उत्तराची अपेक्षा माझ्याकडूनच होती. पण सामना चालू असताना एका वाक्यात सांगता येईल असं ते नव्हतं. काकांना नंतर चार-पाच बैठकांत जे सांगितलं, ते इथं सलग मांडतोय. टेनिस कधी हातात न धरलेल्या माणसालाही समजावं, एवढीच माझी इच्छा आहे.

## आधी फोरहँड म्हणजे काय

उजव्या हातानं खेळणाऱ्यानं आपल्या उजव्या अंगाला आलेला चेंडू तळहात पुढं ठेवून मारला की तो फोरहँड. डाव्या अंगाला आलेला, हाताची पाठ पुढं करून मारला की बॅकहँड. दाराला तळहातानं धक्का देणं आणि हाताच्या पाठीनं धक्का देणं, यात जो फरक, तोच इथं. फोरहँडला तळहात चेंडूच्या मागं असतो आणि हात अंगापासून मोकळा सुटतो. म्हणून बहुतेक खेळाडूंचं मुख्य हत्यार तेच. बॅकहँडला आलेला चेंडूसुद्धा पळत बाजूला जाऊन फोरहँडनं मारायचा, हे तुम्ही टीव्हीवर शंभरदा बघितलं असेल.

आता अडचण कुठं आहे ते बघा. टेनिसचं कोर्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २३.७७ मीटर. मधली जाळी मध्यभागी ९१ सेंटीमीटर. समजा तुम्ही मागच्या रेषेवर उभं राहून कंबरेच्या उंचीवरून, म्हणजे साधारण एक मीटरवरून, ताशी १३० किलोमीटर वेगानं चेंडू अगदी जमिनीला समांतर मारला. जाळीपर्यंत पोचायला त्याला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो, आणि तेवढ्यात तो अर्ध्या मीटरहून जास्त खाली येतो. म्हणजे सरळ जाळीत. एवढ्या वेगाचा चेंडूसुद्धा थोडा वर उचलूनच मारावा लागतो. वर उचलला की जाळी ओलांडतो खरा, पण पलीकडच्या बारा मीटरांत तो खाली उतरायला हवा, नाहीतर बाहेर. जितका जोर जास्त, तितकी ही फट अरुंद. आधुनिक फोरहँडचं सगळं शास्त्र या एका अडचणीतून जन्माला आलंय.

## चेंडू खाली ओढतो कोण?

आपल्या भागातल्या पोराच्या हातात टेनिसचा चेंडू आधी येतो आणि रॅकेट नंतर, बहुतेकांच्या तर कधीच नाही. अनगोळपासून निपाणीपर्यंत गल्लोगल्ली टेनिस बॉल क्रिकेट चालतं. त्या क्रिकेटमध्ये एखादा बोलर असा असतो की त्याचा चेंडू हवेत तरंगत येतो, बॅट्समन पुढं सरसावतो, आणि ऐनवेळी चेंडू त्याच्या अंदाजापेक्षा हातभर अलीकडं पडतो. पडून परत उसळतो. बोलरनं चेंडूला पुढच्या दिशेनं फिरकी दिलेली असते. टेनिसमध्ये याच फिरकीला टॉपस्पिन म्हणतात. चेंडू पुढं जाता जाता बैलगाडीच्या चाकासारखा पुढंच गरगरत असतो.

फिरणारा चेंडू स्वतःभोवतीची हवा ओढत नेतो, आणि टेनिसच्या चेंडूला लव असल्यामुळं जरा जास्तच ओढतो. टॉपस्पिनमध्ये चेंडूमागची हवा वरच्या बाजूला फेकली जाते. त्याची परतफेड म्हणून चेंडू खाली ढकलला जातो. वल्ह्यानं पाणी मागं सारलं की होडी पुढं जाते, तसंच. टेनिसचा चेंडू हवेत वळतो हे न्यूटननं १६७२ मध्येच लिहून ठेवलंय. पुढं जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यांनी १८५२ च्या सुमारास फिरत्या वस्तूंवर प्रयोग केले आणि या परिणामाला त्यांचं नाव लागलं. लॉर्ड रॅले यांनी तर १८७७ मध्ये खास टेनिसच्या चेंडूच्या वाकड्या वाटेवर निबंध लिहिला.

याचा उपयोग दुहेरी. गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला हवाही चेंडूला खाली ओढते, म्हणून जाळीच्या दोन-तीन फूट वरून, अंगातली सगळी ताकद लावून मारता येतं आणि तरीही चेंडू आत पडतो. शिवाय तो जास्त उभा खाली येतो, त्यामुळं टप्पा पडल्यावर समोरच्याच्या खांद्यापर्यंत उसळतो. खांद्याच्या उंचीवरचा चेंडू जोरात परत मारून बघा, म्हणजे समोरच्याची पंचाईत कळेल.

ही फिरकी किती असते? नदालचा फोरहँड हाय-स्पीड कॅमेऱ्यानं मोजला तेव्हा सरासरी मिनिटाला ३,२०० फेऱ्यांच्या आसपास भरली. म्हणजे सेकंदाला पन्नासहून जास्त. त्याच मोजणीत फेडररची अडीच हजारांच्या वर आणि आधीच्या पिढीतल्या सॅम्प्रस-अगासींची दोन हजारांच्या आत.

## काकांचा माग आणि रॅकेटचं गटिंग

"एका पिढीत एवढा फरक? माणसांचे दंड काय बदलले?" हा काकांचा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त होता.

मी त्यांच्या हातात रॅकेट दिली. गटिंगवर, म्हणजे रॅकेटच्या तारांच्या जाळ्यावर, त्यांनी अंगठा फिरवला, एक उभी तार बोटानं बाजूला सारली आणि सोडली. तार टकदिशी जागेवर आली. परत सारली, परत आली. मग आडव्या तारांवरून नख ओढत म्हणाले, "आडवा गुळगुळीत हाय, म्हणून उभा सरकायलाय." मला जे सांगायला दहा वाक्यं लागली असती, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

रॅकेटचं जाळं म्हणजे उभे-आडवे धागेच. पूर्वी उत्तम गटिंग म्हणजे जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या तारा. त्या चेंडूला छान उडवत, पण एकदा सरकल्या की तिथंच राहत. जुने खेळाडू दोन पॉइंटांच्या मधे बोटांनी तारा सरळ करताना दिसायचे ते यामुळंच. पॉलिएस्टरच्या तारा कडक आणि गुळगुळीत. खालून वर जाणारी रॅकेट चेंडूला घासते तेव्हा उभ्या तारा चेंडूबरोबर सरकतात, आणि चेंडू सुटायच्या आत झटक्यात मागं येतात. भोवऱ्याची जाळी ओढावी तसा तो झटका चेंडूला गरगर फिरवतो. हे सगळं घडतं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात: चेंडू तारांवर असतो फक्त चार-पाच हजारांश सेकंद.

१९९७ मध्ये ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन असल्या तारा लावून फ्रेंच ओपन खेळायला उतरला. जागतिक क्रमवारीत तो ६६ वा होता आणि स्पर्धा जिंकून गेला. त्यानंतर काही वर्षांत जवळजवळ सगळ्यांनी या तारा घेतल्या.

"मग कमाल तारांचीच की," असं कुणी म्हणेल. पण तारा सगळ्यांकडे आहेत. आमच्या कोर्टावरच्या बारा वर्षांच्या मुलीच्या रॅकेटलाही पॉलिएस्टरच आहे. तारांनी एक दार उघडून दिलं, त्यातून आत कोण किती गेलं हा ज्याच्या त्याच्या हाताचा प्रश्न.

## पकड: कोयता की तवा

रॅकेट कोयत्यासारखी धरली तर तिची धार जमिनीकडे असते. जुन्या काळी गवताच्या कोर्टावर अशीच धरत. रॅकेट जमिनीवर आडवी टाकून तव्यासारखी सरळ उचलली, तर तळहात दांड्याच्या खाली जातो. या पकडीला वेस्टर्न म्हणतात. उंच उसळलेला चेंडू मारायला आणि भरपूर टॉपस्पिन द्यायला ती उत्तम, पण घोट्याजवळ आलेला चेंडू उचलायला महाकठीण. या दोहोंच्या मधली, तव्याच्या जरा अलीकडची, ती सेमी-वेस्टर्न. सिनर, अल्काराझ आणि आजचे बहुतेक अव्वल खेळाडू तिथंच कुठंतरी आहेत.

इगा श्वीऑनटेकची पकड तव्याकडे झुकलेली. लाल मातीवर तिचा चेंडू असा उसळतो की चार फ्रेंच ओपन तिच्या नावावर आहेत. गवतावर चेंडू खाली राहतो, आणि विम्बल्डन जिंकायला तिला २०२५ साल उजाडावं लागलं.

## ताकद दंडात नसते

आमच्याकडे येणारे आई-वडील मुलाचा दंड दाबून विचारतात, "सर, हा जोरात मारंल काय?" मी त्यांना गोफणीची आठवण करून देतो. जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभं राहून ज्यानं पाखरं राखलीत, त्याला माहीत असतं की दगड मनगटानं फेकायचा नसतो. पाय रोवायचा, कंबर फिरवायची, त्यामागून खांदा, त्यामागून हात, आणि गोफण सगळ्यात शेवटी. प्रत्येक सांध्यानं आपला वेग पुढच्याला द्यायचा. गोफण मागं राहते म्हणूनच शेवटी तिचा वेग अफाट होतो.

फोरहँड तंतोतंत असाच. सिनरचा फोरहँड स्लो-मोशनमध्ये बघा: कंबर आणि छाती जाळीकडे वळू लागलेली असते तरी रॅकेट अजून मागं लोंबत असते, आणि मग क्षणात पुढं येते. सिनर काटकुळा आहे. आनंदवाडीच्या आखाड्यात उभा केला तर कुणी त्याच्यावर पैज लावणार नाही. पण कुस्तीतल्या माणसाला हेही कळेल की जोर कुठून येतो, कारण डावसुद्धा पायावर आणि कंबरेवरच बसतो.

## मग सगळ्यात वेगवान कुणाचा?

इथं एक आकडा सांगतो, त्यानं आमच्या बैठकीत मोठा वाद झाला होता. २०२४ च्या यूएस ओपनमध्ये फोरहँडचा सरासरी वेग प्रसिद्ध झाला. आर्यना सबालेंका ताशी साधारण १२९ किलोमीटर. अल्काराझ १२७, सिनर १२६, जोकोविच १२२. एक बाई तिघा पुरुषांच्या पुढं.

"म्हणजे ती ह्यांना हरवणार काय?" तसं नाही. हे वेग ज्याच्या त्याच्या सामन्यांतले. हाताच्या जोराचे दोन वाटे होतात, एक चेंडूला पुढं नेण्यात आणि एक त्याला फिरवण्यात. पुरुष खेळाडू फिरवण्यात जास्त घालतात, कारण समोरून येणारा चेंडूही जड आणि फिरता असतो, त्याला आवरायला तेवढी सोय हवीच. सबालेंका पुढं नेण्यात जास्त घालते. तिच्यासमोर सावरून उभं राहायला वेळच मिळत नाही. चार ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं, तिनं याच मार्गानं मिळवलीत.

पण कमी फिरकीचा वेगवान चेंडू म्हणजे अरुंद फटीतून जाणारी गाडी. २०२५ च्या फ्रेंच ओपनची महिलांची फायनल बघा. त्या दिवशी वारा होता. सबालेंकाकडून स्वतःहून झालेल्या चुका मोजल्या तर ७०. समोर कोको गॉफ, जिचा फोरहँड तिच्या खेळातला कच्चा दुवा मानला जातो. जिंकली गॉफ, ६-७, ६-२, ६-४. मला त्या सामन्यात सबालेंकाबद्दल फार वाईट वाटलं होतं, कारण फटका तोच होता, फक्त वाऱ्यानं ती फट आणखी अरुंद केली होती.

तेव्हा वेगाच्या आकड्यावर "भारी कोण" ठरवता येत नाही. फिरकीच्या आकड्यावरही नाही. कॅस्पर रूडचा फोरहँड फिरकीत कुणाला ऐकत नाही, त्याच्या जोरावर तो २०२२ आणि २०२३ अशा लागोपाठ दोन फ्रेंच ओपन फायनल खेळला. दोन्ही हरला, आधी नदालशी, मग जोकोविचशी. आंद्रे रुब्लेव्हचा फोरहँड ऐकूनच धडकी भरते. पण तो पुढं कुठं मारणार आहे, हे समोरच्याला बऱ्याचदा आधी कळतं.

## वेळ हिरावणं: सिनरची कला

आता खरी गोम. समोरच्याला त्रास कशाचा होतो? त्याच्या हातातला वेळ कमी झाल्याचा.

सोपं गणित करू. चेंडूचा वेग ताशी १२० वरून १३० केला तर कोर्टभर अंतर कापताना वाचतात सेकंदाचे पाच-सहा शतांश. त्यासाठी जिवाच्या करारावर मारावं लागतं आणि चुका वाढतात. दुसरा मार्ग असा. जोर तेवढाच ठेवायचा, पण उभं राहायचं एक मीटर पुढं. आता समोरून येणारा चेंडू तुम्हाला एक मीटर आधी भेटतो आणि तुमचा चेंडू एक मीटर कमी अंतर जातो. टप्पा पडून आलेला चेंडू मंदावलेला असतो, म्हणून येतानाचा तो एक मीटर महत्त्वाचा. दोन्ही मिळून सेकंदाचे आठ-नऊ शतांश सहज वाचतात. एक पाऊल पुढं येणं हे दहा किलोमीटर वेग वाढवण्यापेक्षा जास्त जाचक ठरतं.

सिनर हे करतो. मागच्या रेषेला चिकटून, टप्पा पडल्या पडल्या चेंडू उचलतो, तोही पूर्ण जोर आणि भरपूर टॉपस्पिन लावून. त्याचा फोरहँड एकटा बघितला तर तुम्हाला विशेष काही दिसणार नाही. समोरच्याकडे बघा. त्याचे पाय दरवेळी अर्धं पाऊल उशिरा पोचतात. पहिल्या चेंडूला अर्धं, दुसऱ्याला पाऊण, चौथ्या-पाचव्या चेंडूला तो कोर्टाच्या बाहेर जाऊन लोटांगण घालून काहीतरी परत टाकत असतो. सिनरनं एकही चेंडू अचाट मारलेला नसतो.

हा मुलगा आल्प्समधल्या सेस्तो गावचा, वडील तिथल्या स्की लॉजवर स्वयंपाकी. लहानपणी टेनिसपेक्षा स्कीइंगमध्ये जास्त चमकला होता. खाली वाकून, गुडघ्यांवर तोल सांभाळत घसरण्याची ती सवय त्याच्या टेनिसमध्ये उतरलीय असं मला वाटतं. आणि एक गोष्ट आपल्या भागातल्या वाचकांना सांगायचीच आहे. तो ज्या दक्षिण टायरॉल प्रांतातला आहे तो पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीत गेला. तिथं घराघरात जर्मन बोलतात. सिनरची मातृभाषा जर्मन, देश इटली, गावात पाट्या दोन्ही भाषांत. तो इटलीसाठी डेव्हिस कप, म्हणजे देशादेशांमधली टेनिस स्पर्धा, जिंकतो तेव्हा मला त्याच्याबद्दल वेगळी आपुलकी वाटते. १ नोव्हेंबर १९५६ नंतर बेळगावात जन्मलेल्या मराठी माणसाला ती का वाटते, हे सांगायची गरज नाही.

## तयारी एक, चेंडू तीन: अल्काराझ

अल्काराझ स्पेनमधल्या मुर्सियाजवळच्या एल पाल्मारचा, लाल मातीवर वाढलेला. त्याचा फोरहँड वेगात सबालेंकाच्या जवळपास, फिरकीत मोठमोठ्यांच्या बरोबरीचा. पण मी मुलांना त्याचे व्हिडिओ दाखवतो ते वेगळ्याच कारणासाठी.

व्हिडिओ रॅकेट मागं गेल्यावर थांबवायचा आणि विचारायचं, "सांगा, आता काय मारणार?" खांदे वळलेले, डावा हात समोर पसरलेला, डोळे चेंडूवर. मुलं ओरडतात, "जोरात क्रॉसकोर्ट!" व्हिडिओ सोडला की कधी चेंडू खरंच तोफेसारखा तिरका जातो. कधी उंच उसळी घेणारा. आणि कधी शेवटच्या क्षणी पकड बदलून, रॅकेट चेंडूखालून लोण्यातून सुरी फिरवावी तशी फिरवतो. चेंडू जाळीपलीकडे जेमतेम जातो आणि दोन टप्प्यांत मरतो. हा ड्रॉप शॉट. तिन्हींची तयारी इतकी एकसारखी की मी इतकी वर्षं बघूनसुद्धा चुकतो.

आता परत समोरच्याचे पाय बघा. सिनरसमोर पाय उशिरा पोचतात. अल्काराझसमोर पाय चुकीच्या दिशेला जातात. त्याच्या जोराच्या धाकानं तुम्ही दोन पावलं मागं सरकता, तेवढ्यात चेंडू पुढं पडतो. पुढच्या वेळी शंका म्हणून पुढं उभं राहता, तर चेंडू छातीवर येतो. उशिरा पोचणाऱ्यानं जास्त व्यायाम करावा, जास्त पळावं. चुकीच्या दिशेला पळणाऱ्यानं काय करावं?

२०२५ च्या यूएस ओपन फायनलमध्ये अल्काराझनं सिनरला ६-२, ३-६, ६-१, ६-४ असं हरवलं. सामन्यानंतर सिनरनं स्वतः कबूल केलं की आपला खेळ फारच ठरावीक झाला होता, समोरच्याला अंदाज येत होता. जगातला सगळ्यात नेमका फोरहँड असलेला माणूस हे म्हणतो, त्याला वजन आहे.

## आणि जोकोविच? आणि नदाल?

जोकोविचचा बॅकहँड एवढा गाजला की फोरहँडकडे कुणी बघितलंच नाही. मला हा अन्याय वाटतो. त्याचा चेंडू मागच्या रेषेच्या जवळ, पुन्हापुन्हा, तासन्‌तास पडतो. ४ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलमध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यानं अल्काराझला दोन टायब्रेकमध्ये हरवलं. सेट बरोबरीत अडकला की निकालासाठी खेळतात तो टायब्रेक. त्यातल्या दुसऱ्या टायब्रेकमधले त्याचे पळत जाऊन मारलेले क्रॉसकोर्ट फोरहँड परत बघा. आयुष्यभर जपून ठेवलेला जोर त्या दिवशी त्यानं बाहेर काढला होता.

नदालशी आजच्यांची तुलना करायची तर एक गोष्ट विसरू नये, तो डावखुरा खेळायचा. त्याचा क्रॉसकोर्ट फोरहँड उजव्या खेळाडूच्या बॅकहँडवर, खांद्याच्या वर उसळायचा. फिरकीइतकाच त्या दिशेचाही तो त्रास होता. फ्रेंच ओपनची १४ विजेतेपदं त्यातूनच आली. लाल मातीवर त्याच्या फोरहँडच्या तोडीचा आजही कुणी नाही, या मतावर मी ठाम आहे. पण तो नोव्हेंबर २०२४ मध्ये निवृत्त झाला, आणि काकांचा प्रश्न आजच्यांबद्दल होता.

तरुणांमध्ये ब्राझीलचा जोआओ फोन्सेका लक्षात ठेवा. २००६ चा जन्म, आणि फोरहँडचा आवाज असा की स्टेडियम गप्प होतं.

## कोर्ट बदललं की उत्तर बदलतं का?

बदलतं. विम्बल्डनच्या गवतावर चेंडू सरपटतो, उसळत नाही, तिथं लवकर चेंडू घेणारा सिनर २०२५ ला अल्काराझला चार सेटमध्ये हरवून गेला.

हवेचंही तसंच, आणि हे बेळगावकरांना फार कमी माहीत असतं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. माद्रिद साडेसहाशेच्या आसपास. जगभरचे खेळाडू दरवर्षी माद्रिदच्या स्पर्धेत कुरकुर करतात की चेंडू हातात राहत नाही, उडतो. उंचावर हवा विरळ असते, चेंडूला अडवणारी आणि टॉपस्पिनवर खाली ढकलणारी, दोन्ही ताकद कमी पडते. आपल्या इथली हवा समुद्रकाठच्यापेक्षा साधारण सात टक्के विरळ आहे. चोर्ला घाट चढून पणजीची मुलं आमच्याकडे खेळायला येतात, तेव्हा पहिल्या तासात त्यांचे फोरहँड रेषेबाहेर वीतभर जात राहतात. त्यांचे सर त्यांच्यावर ओरडतात. मी त्यांना सांगतो, ओरडू नका, थोडी फिरकी वाढवायला सांगा. आणि जुलैत पाऊस लागला की उलटं. चेंडूची लव ओल धरते, चेंडू जड होतो, सगळ्यांचेच जाळीत.

## काकांना दिलेलं उत्तर

महिलांमध्ये लाल मातीवर श्वीऑनटेक, सिमेंटच्या कोर्टावर सबालेंका. पुरुषांमध्ये, दिवस कसाही असो, शंभर चेंडू एकसारखे जड आणि खोल, म्हणजे मागच्या रेषेजवळ, टाकायचे तर सिनरसारखा कुणी नाही. बंद स्टेडियममध्ये, जिथं वारा नाही, ऊन नाही, तिथं तर त्याचाच. तरी एकच नाव घ्यायला लावलंत तर मी अल्काराझचं घेतो. त्याच्या फोरहँडमध्ये वेग आहे, फिरकी आहे आणि त्याखेरीज गुपित आहे, जे मोजणाऱ्या यंत्रांना दिसत नाही.

काकांना हे पटलं नाही. ते म्हणाले, "त्या रात्री पॉइंट कुणाचे जास्त झाले?" मी मोजून सांगितलं, सिनरचे १९३, अल्काराझचे १९२. "मग?" म्हणाले.

मग मी त्यांना मोबाइलवर त्या सामन्याचा शेवटचा पॉइंट परत लावून दिला. शेवटचा टायब्रेक, अल्काराझ ९-२ नं पुढं. साडेपाच तास पळून झालेले, आणि तो उजवीकडे पळत पळत, जवळजवळ कोर्टाच्या बाहेरून, रेषेला धरून सरळ फोरहँड मारतो. काका चेंडूकडे बघत होते. मी स्क्रीनवर बोट ठेवून सिनरचे बूट दाखवले. काकांनी व्हिडिओ मागं घेऊन पुन्हा लावला, चष्मा काढून मोबाइल जवळ धरला, आणि या वेळी बोट त्यांनी स्वतःच त्या बुटांवर ठेवलं.